छटाकची तपासणी

प्रश्नावली टपालानं आली त्याला महिना झाला होता. वर ठळक छापलेलं, 'आईने भरावी'. रविवारी दुपारी, तपासणीच्या बाई यायला तासभर उरला असताना आईनं ती हातात घेतली, तेव्हा ती भरून झाली होती.

प्रश्न १. बाळाचे वय व वजन.
*चौदा महिने. सहा आठवडे लवकर आली, ते वजा जाता साडेबारा. वजन नऊ किलो एकशे चाळीस ग्रॅम, आपल्या काट्यावर. दवाखान्यातला काटा साठ ग्रॅम कमी दाखवतो, त्यांना दोनदा कळवलं आहे.*

प्रश्न २. बाळ नावाला प्रतिसाद देते का?
*होय.*
(खाली, दुसऱ्या अक्षरात) *कुठल्या नावाला ते लिहा ना.*

प्रश्न ३. बाळ अर्थपूर्ण शब्द बोलते का?
*होय. 'आप्पा' स्पष्ट म्हणते.*
(तिसऱ्या अक्षरात, पेन्सिलीनं) *नळालाही म्हणते.*

प्रश्न ४. गर्भारपणात आईला काही आजार होता का? तपशील द्या.

इथं कोणीच काही लिहिलं नव्हतं. चार ओळींची जागा कोरी.

पहिलं अक्षर आप्पांचं, म्हणजे सासऱ्यांचं. आकडा लिहिताना ते श्वास रोखतात, त्यामुळे त्यांचे आकडे सरळ आणि शब्द वाकडे. दुसरं अक्षर नणंदेचं. ती बालवाडीत शिकवते आणि कोणाचाही कागद दिसला की तपासते. पेन्सिल सासूबाईंची. सासूबाई काहीही पेन्सिलीनंच लिहितात, पुढं नाकबूल करता येतं म्हणून.

धाकटीनं, म्हणजे बाळाच्या आईनं, पेन उचललं. थोरला दीर बायकोला घेऊन वेगळा झाला त्याला चार वर्षं झाली, तरी घरात ती अजून धाकटीच होती. तिची बोटं सकाळी लाकडाची असतात. दुपारपर्यंत वाकायला लागतात. तिनं सावकाश लिहिलं, 'ल्युपस. सहा वर्षांपासून. रक्तातली जी द्रव्यं रोगावर तुटून पडायची, ती माझ्याच अंगावर तुटून पडतात. त्यातली काही वारेतून बाळाकडे गेली.' जागा संपली. 'मागे पाहा' असं लिहून तिनं कागद उलटला आणि थांबली. मागे लिहायला तिच्याकडे फक्त एक प्रश्न होता, आणि प्रश्नावलीत प्रश्न त्यांनी विचारायचे असतात.

पोटात होती तेव्हा बाळाच्या, म्हणजे छटाकच्या, काळजाचे ठोके दर आठवड्याला मोजले. ते बिनचूक राहिले. जन्मली तेव्हा कपाळावर लाल चकत्या होत्या, त्या सहाव्या महिन्यापर्यंत गेल्या. आईकडून आलेलं सगळं तोवर ओसरून जातं, डॉक्टर म्हणाले.

"आणि डोकं?" तिनं विचारलं होतं.

"बहुतेक मुलं छान वाढतात. थोड्यांना पुढं भाषा, लक्ष, शिकणं जरा जड जातं. कोणाला, ते चेहऱ्यावरून कळत नाही. आपण बघत राहायचं."

'बहुतेक' हा शब्द धाकटीनं घरी आणला आणि वर्षभर चघळला. आज पहिल्यांदा कोणीतरी येऊन नीट बघणार होतं. चांगलं असो, वाईट असो, खरं काय ते तिला हवं होतं. एवढंच हवं होतं.

○

चारच्या ठोक्याला बाई आल्या. बुटक्या, पिशवी मोठी. जिन्याखाली वजनकाटे दुरुस्तीचं दुकान, वर हे घर; त्यामुळे घरात शिरणारा प्रत्येक जण आधी दहा-बारा काट्यांच्या नजरेखालून जातो. बाई खोलीत आल्या आणि दाराशीच थबकल्या. भिंतीलगत ओळीनं सगळे बसले होते. आप्पांनी रविवार असून दाढी केली होती. नणंद 'सहज इकडून चालले होते' म्हणत साडेतीनलाच हजर झाली होती. नवरा स्वतःच्या गुडघ्याकडे बघत होता.

"इतके जण?" बाई म्हणाल्या.

"घरचेच आहोत. आम्ही नसल्यासारखे बसतो," आप्पा म्हणाले.

"त्यांना ते जमत नाही," सासूबाई म्हणाल्या.

छटाक सतरंजीच्या मधोमध बसली होती. अंगानं छोटी, पण बैठक दुकान मालकीचं असल्यासारखी. जन्माच्या वेळी तिला पाहून आप्पा म्हणाले होते, "हे तर छटाकभरच आहे." कागदावर तिला दुसरं, लांबलचक नाव आहे. ते फक्त दवाखान्यात वापरतात.

बाईंनी पिशवीतून दोन लाल ठोकळे काढून सतरंजीवर ठेवले. त्यांनी तोंड उघडायच्या आत छटाकनं ते दोन्ही उचलले, एकमेकांवर तीनदा आपटले आणि खाली ठेवले. मग पिशवीकडे हात पसरला. बाईंनी पेला काढला. ठोकळे पेल्यात, टक, टक.

"वा," बाई म्हणाल्या आणि लिहू लागल्या.

छटाकला लिहिण्यात रस नव्हता. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, मग रांगत बाईंपाशी गेली. बाईंनी घाम पुसून रुमाल मांडीवर ठेवला होता. छटाकनं तो ओढून काढला. खाली काहीच नव्हतं. तरी तिनं सगळ्यांकडे एक विजयी नजर टाकली, स्वतःच टाळ्या वाजवल्या, आणि आप्पांकडे वळून आ वासला.

आप्पांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. अर्ध्यात त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी छाती खाजवली. खिशातून बिस्किटाचा चुरा सांडला.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"रुमालाखाली काय असायला हवं होतं?"

"घंटा," नवरा म्हणाला. खोटं बोलायला तो पहिल्यापासून कच्चा. ओळीतल्या सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"काढा आता," सासूबाई म्हणाल्या. आप्पा उठेनात, म्हणून त्यांनीच पलंगाखालून पत्र्याचा डबा ओढला. आत दहा लाल ठोकळे, पेला, पितळी घंटा, दोरी बांधलेली कडी. बाईंनी एक ठोकळा उचलून आपल्या ठोकळ्याशेजारी धरला.

"कुठून आणलेत?"

"केले." आप्पांच्या आवाजात नको तेवढा अभिमान आला. "पंचवीस मिलिमीटर, सगळ्या बाजूंनी. मापून घ्या. तुमचे कोपऱ्यात झिजलेत, बरं का. मला धास्ती होती, पोरीला फरक कळेल, पण तिनं..."

"बाबा," नणंद म्हणाली, "गप्प बसा."

"तू नको सांगू. पिशवीत काय असतं ते तूच सांगितलंस."

"मी नुसतं सांगितलं. प्रशिक्षणात एकदा पाहिलं होतं."

"नुसतं?" धाकटीनं विचारलं.

"म्हणजे, क्रमही सांगितला." नणंदेनं पदर नीट केला. "टाळ्या माझ्या. पण बिस्किटं बाबांची. मी मुलांना खाण्याची लालूच कधी दाखवत नाही."

"किती दिवस चाललंय हे?"

"तीन आठवडे," नवरा म्हणाला. "रोज दहा ते अकरा."

दहा ते अकरा. धाकटी त्याच्याकडे वळली.

"दहा ते अकरा तू मला फिरायला नेत होतास."

"सावलीतून." ऊन लागलं की तिच्या अंगावर चट्टे उठतात. "छत्री धरून."

"बागेच्या दोन दोन फेऱ्या. मी दमले म्हटलं तरी तिसरी. मला वाटलं, याचं प्रेम उतू चाललंय."

"तेही होतं."

"किती टक्के?" सासूबाईंनी विचारलं.

बाईंना हसू आवरेना. त्यांनी रुमाल तोंडाला लावला, आणि रुमाल हलला म्हणताच छटाकनं पुन्हा टाळ्या वाजवल्या.

धाकटी हसली नाही.

"यात एवढं काय झालं," आप्पा म्हणाले. आता ते जागेवरून उठले होते. "तपासनीस येणार म्हटल्यावर काटा तसाच पुढं करतो का आपण? पुसतो, लावतो, मग सरकारी शिक्क्याला नेतो. यात लबाडी कसली? शिक्का बसला की तू सुखानं झोपशील, इतकाच हेतू. वर्षभर बघतोय, पोरगी शिंकली तरी तू डॉक्टरांचा कागद काढून वाचतेस."

"आप्पा, काटा दुकानात आला की पहिलं काय करतो आपण?"

"पुसतो."

"त्याच्या आधी."

उत्तर आप्पांना येत होतं. दुकानाची नोंदवही सात वर्षं धाकटीनं लिहिली. तिच्यातल्या पहिल्या रकान्याचं नाव 'आलं तसं वाचन'. काटा कितीनं खोटा आहे, हे त्याला स्क्रू लावायच्या आधी लिहायचं. नंतर तो कितीही सरळ करा. आधी कितीनं वाकडा होता ते कोणालाच कळणार नाही. हा रकाना कोरा ठेवून काटा उघडला, एवढ्याच कारणावरून आप्पांनी एका कारागिराला भर दुकानात घरी पाठवलं होतं. तो कारागीर त्यांचा थोरला मुलगा होता. घर तिथून दुभंगलं.

"छटाकचं आलं तसं वाचन कुठंय?" धाकटीनं विचारलं. आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं, असं सगळ्यांना वाटलं. "माझ्या रक्तातलं तिच्या अंगात गेलं. त्यानं तिच्या डोक्यात काही केलं की नाही, मला बघायचं होतं. तुम्ही वरून रंग देऊन ठेवलात. आता ती काहीही करू दे, मला वाटणार की हे बिस्किटाचं आहे."

आप्पा खाली बसले. बराच वेळ त्यांनी सतरंजीवरचा चुरा एका बोटानं गोळा केला.

"चुकलंच," ते म्हणाले. मग चुरा खिशात टाकत, "हे थोरल्याला कळता कामा नये."

"मी संध्याकाळी फोन करणार आहे," सासूबाई म्हणाल्या.

"तू कोणाच्या बाजूनं आहेस?"

"कालपर्यंत तुमच्या होते. घंटा मीच घासून दिली, नाही म्हणत नाही. आता तिच्या." सासूबाईंनी धाकटीजवळ सरकून मांडी घातली. "तिला झोपायचं नाहीये हो. तिला बघायचंय. माझ्या बाळंतपणात मला कोणी काही बघू दिलं नाही, सगळं चांगलंय म्हणत राहिले. तो राग माझा अजून गेला नाही."

हे कोणालाच माहीत नव्हतं. आप्पांना तर नव्हतंच.

○

बाईंनी ठोकळे, पेला, रुमाल सगळं पिशवीत टाकलं.

"शिकली ते शिकली, ते काही खोटं नाही. पण न शिकवलेलं पुढ्यात आलं की ती काय करते, ते मला बघायचं असतं. आई थांबेल. बाकीचे बाहेर."

"आम्ही बोलणार नाही," आप्पा म्हणाले.

"तुमचा खिसा बोलतो."

दार लागलं.

दाराबाहेर:

— काही ऐकू येतंय का?
— तुम्ही बोलताय तेवढंच.
— काहीतरी वाजलं. चावी वाजली. तिला चाव्या आवडतात, माझ्या टेबलाच्या चाव्या ती...
— बाबा, आता चाव्यांचंही श्रेय घ्या.
— आपण तिला फसवलं, ताई.
— तू फसवलंस. मी फक्त क्रम सांगितला.
— सरका, मला फटीतून बघू दे.
— फट कुठली, तुम्हीच गेल्या वर्षी बुजवलीत.
— बुजवली होय? बरी बुजवली. काहीच दिसत नाही.

दाराच्या आत:

बाईंनी चष्म्याच्या घरात स्वतःच्या किल्ल्या टाकल्या, घर खटकन मिटलं आणि छटाकसमोर ठेवलं. छटाकनं ते हलवलं. आत काहीतरी आहे. चावलं. उलटं केलं, जमिनीवर आपटलं, पुन्हा चावलं. उघडेना. धाकटीचे हात पुढं यायला निघाले. तिनं ते मांडीखाली दाबले. सुजलेली बोटं दुखली. दुखू देत.

छटाकनं बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग तिनं घर छातीशी धरलं, एका हातानं रांगत धाकटीपर्यंत आली, ते मांडीवर ठेवलं आणि आधी घराकडे, मग आईच्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा घराकडे, पुन्हा तोंडाकडे.

"हे शिकवलेलं आहे?" बाईंनी हळूच विचारलं.

"नाही. आमच्याकडे कोणी तिला मागायची वेळच येऊ देत नाही."

बाईंनी लिहिलं. मागून कागदावरच्या नावानं हाक मारली, छटाक ढिम्म. छटाक म्हणून हाक मारली. मान गर्रकन वळली. "घरच्या नावाला होय," बाईंनी लिहिलं. चेंडूसारखा गुंडाळलेला मोजा त्यांनी पलंगामागं घरंगळत सोडला, तर छटाक तो गेला तिथं नाही, जिथून निघेल तिथं जाऊन बसली. चित्राच्या पुस्तकात मांजराला सोडून मांजराखालच्या पानाच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि दाखवायला वर पाहिलं. "काट्यावाल्यांची आहे," बाई पुटपुटल्या.

मग त्यांनी चष्म्याचं घर उघडून किल्ल्या छटाकच्या हाती दिल्या आणि हात मांडीवर ठेवून, काहीही खूण न करता म्हटलं, "किल्ल्या आईला दे."

छटाक बाईंकडे बघत राहिली. किल्ल्या तिच्या हातातच होत्या.

"आईला दे किल्ल्या."

छटाकनं किल्ल्या तोंडात घातल्या. बाईंनी तिसऱ्यांदा म्हटलं. मग धाकटीला म्हणाल्या, "आता हात पुढं करा." हात पुढं होताच छटाकनं किल्ल्या त्यावर टाकल्या.

लिहिणाऱ्या पेन्सिलीचा आवाज धाकटीला फार मोठा वाटला.

"खरं सांगा," ती म्हणाली.

"पाहिलं तेच सांगते. चार गोष्टींना होय. एक अजून नाही. हाताची खूण नसेल तर नुसत्या शब्दांवरून तिला कळत नाही. सहा आठवडे लवकर आलेली आहे, या वयात हे बऱ्याच मुलांना जमत नाही. कदाचित काही नाही. कदाचित यावर लक्ष ठेवायला लागेल. तिच्याशी बोलत राहा, साधं, रोजचं. सहा महिन्यांनी मी परत येते. मग दोन वर्षांची झाली की, मग शाळेच्या आधी."

"म्हणजे पुढचं आज नाही कळणार."

"पुढचं नाही. आजचं कळलं."

धाकटीनं कागद मागून घेतला आणि दोनदा वाचला. 'नाही' नावाचा तो एक शब्द तिला टोचत होता, आणि टोचत असूनही, किंवा त्यामुळेच, वरचे चार 'होय' तिला पटत होते. पाचही होय असते तर तिनं रात्रभर ते उलटेपालटे करून पाहिले असते. ती छटाकच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. आत काय चाललंय याचा काही पत्ता लागत नव्हता, पण चाललं होतं खरं.

○

दार उघडलं तसे तिघं आत कोलमडले. सासूबाई मागून सावकाश आल्या.

"काय झालं?"

"चार होय, एक अजून नाही," धाकटी म्हणाली.

आप्पांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. डोळ्यांत लगेच कामाची चमक आली. "कोणतं?"

"सांगणार नाही."

"अगं, म्हणजे... बरोबर आहे, आमचं चुकलं. पण कोणतं ते कळायला नको?"

"कळलं की उद्या सकाळी तुम्ही लाकूड कापायला बसाल."

"नाही बसणार."

"पितळ कापतील," सासूबाई म्हणाल्या.

"मला तरी सांग," नवरा म्हणाला. "मी तिचा बाप आहे."

"तुला सांगितलं की पाच मिनिटांत तुझ्या तोंडावर दिसेल."

नणंदेनं शिक्षिकेच्या आवाजात सुरुवात केली, की ती या विषयातली जाणकार असल्यामुळे... पण धाकटीनं टाळ्यांची आठवण करून दिल्यासारखं नुसतं तिच्याकडे पाहिलं आणि नणंदेनं पुन्हा पदर नीट केला. आप्पांना तेवढ्यात सुचलं. "बाई, पिशवी जड आहे, जिना अरुंद. द्या इकडे, खालपर्यंत येतो."

"या की," बाईंनी पिशवी त्यांच्या खांद्याला अडकवली. "मात्र कागद तिच्याकडे राहिला, आणि मला काही आठवत नाही."

जिन्यावरून दोघांचे आवाज बराच वेळ येत राहिले. आप्पांचे प्रश्न लांब, बाईंची उत्तरं आखूड. वर खोलीत दोन पक्ष पडले. नणंदेच्या मते चुकलं असेल तर बोलण्यातच. नवऱ्याच्या मते हातांच्या कामात, कारण आप्पांनी घंटेवर जास्त वेळ घालवला आणि दोरीवर कमी. सासूबाईंनी कोणाचीच बाजू घेतली नाही. त्यांनी छटाकला उचलून कडेवर घेतलं आणि तिला खिडकीतून रस्ता दाखवायला लागल्या: हा सायकलवाला, ही त्याची घंटा, तो बघ कुत्रा, कुत्र्याला घाई आहे. बोट एकदाही न उचलता. धाकटीनं चमकून पाहिलं. सासूबाईंचं लक्ष कुत्र्याकडे होतं.

आप्पा परत आले ते घाम पुसत.

"काही बोलली नाही बाई. दगड आहे." ते धाकटीसमोर उभे राहिले. "सहा महिने हे असंच ठेवायचं म्हणतेस?"

धाकटीनं कागदाची एक घडी घातली, मग दुसरी, मग तिसरी, चौथ्यांदा दुमडेना तेव्हा थांबली. गुडघे कुरकुरत होते, तरी एक एक पाय आत ओढून तिनं सतरंजीवर मांडी घातली. कागद खाली ठेवून त्यावरच बसली, छटाकसारखीच, मालकीच्या बैठकीनं.

सगळे तिच्याभोवती उभे.

"निदान चहा प्यायला तरी उठशील?" सासूबाईंनी खिडकीजवळूनच विचारलं.

"इथंच आणून द्या," ती म्हणाली.